कोकणकडा, ट्रायपॉड आणि चार्जिंगचे शंभर रुपये

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या कडेला उभं राहिलं की कोकणकडा दिसत नाही. एवढी साधी गोष्ट मला एकानेही सांगितली नव्हती. कडा पोटातून आत गेलेला आहे, त्यामुळे आपण ज्या दगडावर उभे असतो त्याच्याच खालची खोबण दिसणार कशी? खाली पायथ्याच्या बेलपाड्याची खाचरं, समोर धुरकट कोकण, संपलं. वाटेत भेटलेला प्रत्येक जण मात्र "संध्याकाळी कड्यावर जा, फोटोच फोटो" असं छातीठोक सांगत होता.

सगळीकडे फिरणारे ते नागफणीसारख्या कड्याचे फोटो मधल्या गर्दीतून काढलेले नसतात. कडा अर्धगोल आहे. गर्दी सोडून कुठल्याही एका टोकाला चालत जा, म्हणजे उरलेला कडा समोर आडवा येतो आणि त्याचा आत गेलेला बाक दिसायला लागतो. तिथे जायचं तर उजेड असताना जा आणि कडेपासून चार हात लांब राहा. गवताखाली दगड सुटे आहेत आणि खालून येणारा वारा सरळ अंगावर येतो. फ्रेममध्ये पलीकडच्या काठावर कुणी उभं असेल तर त्याला हाकलू नका. तो मुंगीएवढा माणूस नसेल तर एवढा मोठा कडा फोटोत बांधावरच्या दगडाएवढा दिसतो. वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणारी लेन्स लावली तर आणखीच लहान. माझे बरे फोटो ३५ ते ५० मिलिमीटरवर आले, १८ वर काढलेले सगळे उडवले.

आता सूर्यास्त. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळभर खडक सावलीत. दुपार कलली की ऊन त्याच्यावर यायला लागतं आणि साडेचार-पाचच्या सुमारास बेसाल्टचे थर एकेक करून उठून दिसतात. हाच तो तास. बहुतेक मंडळी या वेळात चहा-भजी खात असतात आणि सूर्य क्षितिजाला टेकला की धावत येतात. तेव्हा आकाश भडक आणि खडक काळा ठिक्कर. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाही. हट्टच असेल तर ट्रायपॉडवर एकाच दृश्याचे तीन एक्स्पोजर घ्या, -२ (काळपट), ० (बेताचा) आणि +२ (उजळ), आणि घरी जोडा. रॉमध्येच काढा, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेल्या मूळ फाइलमध्ये. हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला धडकलेला नको. एकदा पांढरं जळलं की त्यातून काही परत निघत नाही. पोलरायझर, म्हणजे चकाकी मारणारा फिल्टर, सूर्याकडे तोंड करून लावण्यात काहीच अर्थ नाही, त्याचा परिणाम सूर्याशी काटकोनात सगळ्यात जास्त. तो पिशवीत ठेवा, ओल्या पानांना आणि पाण्याला कामाला येईल.

पाऊस उघडल्यावर सप्टेंबरअखेरीस पठारावर सोनकी पिवळीधमक असते. तिला फोरग्राउंडला घेऊन मागे ढग, हा फोटो सगळेच काढतात आणि सगळ्यांचा हलतो. क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरवर १८ मिलिमीटर, लेन्सचं छिद्र एफ/११ आणि फोकस साधारण दीड मीटरवर ठेवलं की पाऊण मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ/२२ वर जाऊ नका, छिद्र फार बारीक झालं की प्रकाश पसरतो (डिफ्रॅक्शन) आणि सगळंच मऊ पडतं. पण वाऱ्यात फुलं थांबत नाहीत, तेव्हा आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४०० किंवा ८०० करून शटर १/२०० च्या वर ठेवा. थोडी ग्रेन चालते, हललेलं फूल चालत नाही.

चढाईबद्दल. मी खिरेश्वर गावाकडची वाट धरली, कारण "सोपी आहे, रेलिंग आहे" असं ऐकलं होतं. खुबी फाट्याला एसटीतून उतरून पिंपळगाव जोगा धरणाच्या बांधावरून गावात, तिथून टोलारखिंड. इथवर ठीक. खिंडीनंतरचा कातळटप्पा मात्र मोकळ्या पाठीने चढणाऱ्यालाच सोपा आहे. पाठीला ट्रायपॉड आडवा बांधलेल्या माणसाला तो नाही. ट्रायपॉडचं टोक रेलिंगच्या पाइपात अडकतं आणि पाठीवरची बॅग तुम्हाला दरीच्या बाजूला ओढते. एका ठिकाणी मी असा अडकलो की मागच्या पोराने पाय धरून माझी सुटका केली. ट्रायपॉड उभा, बॅगेच्या मधोमध, डोक्याच्या वर न येणारा. गळ्यात कॅमेरा लटकवून हा टप्पा चढू नका, तो प्रत्येक पायरीला दगडावर आपटतो. शेवाळ असताना तर ही वाटच विसरा. वर आल्यावर एकामागून एक टेकड्या संपता संपत नाहीत आणि हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ दिसेपर्यंत फोटोचा सगळा उत्साह मावळतो. कॅमेऱ्याचं वजन घेऊन जाणाऱ्याने दुसऱ्या बाजूच्या पाचनई गावाहूनच चढावं. माझं मत यापुढे बदलणार नाही.

केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच शाबूत आहे आणि शिवलिंगाभोवती कमरेइतकं बर्फगार पाणी. आत अंधार, तोंडाशी लख्ख उजेड. आयएसओ १००, ट्रायपॉड, दहा-पंधरा सेकंद शटर, दोन सेकंदांचा टायमर, आणि ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचं सावरणारी सोय) बंद. पाण्यात कुणी उतरलेलं नको, एक लाट आली की प्रतिबिंब गेलं. म्हणून शनिवार-रविवारी गेलात तर पहाटेच जा, नाहीतर जाऊच नका.

सकाळी तारामती शिखरावर जाणार असाल तर अंधारात निघा. १४२९ मीटर, राज्यातल्या उंच शिखरांपैकी. धरणाच्या पाण्यावर धुकं पसरलेलं दिसतं, ते सूर्य वर आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात विरतं. तिथून खाली येऊन कड्यावर डोकावलं आणि दरीत धुकं भरलेलं असेल, सूर्य पाठीमागे, तर इंद्रवज्र दिसण्याची आशा. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने १८३५ मध्ये नोंदवलेलं ते हेच, आपल्याच सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य. मला दिसलं नाही. तुम्हाला दिसलं तर कॅमेरा शोधत बसू नका, आधी बघून घ्या.

आता पैशाचं. तंबू-जेवणाचा दर फोनवर एक आणि वर पोचल्यावर दुसरा. शनिवार म्हणून वाढला म्हणे. पिठलं-भाकरी गरम आणि पोटभर, त्याबद्दल तक्रार नाही. पण कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज करायचे शंभर रुपये? मी हुज्जत घातली, तर तंबूवाल्या पोराचं उत्तर तयार: "दादा, जनरेटरचं पेट्रोल डोक्यावर आणलंय, बॅटरीत नाय तर काय चहात घालू?" यावर काय बोलणार. दोन जास्तीच्या बॅटऱ्या बाळगा आणि रात्री झोपताना अंगाजवळ ठेवा, थंडीने त्या उतरतात. लेन्सवर धुकं धरतं म्हणून सिलिका जेलच्या पुड्या आणि झिपची पिशवी न्या. 

उतरलो पाचनईला. वाट चांगली, विशेष काही नाही. खरी लूट खाली होती. राजूरपर्यंतच्या जीपवाल्याने "दुसरी गाडी नाही" म्हणून अव्वाच्या सव्वा सांगितले आणि मी थकलेलो, दिले. तासाभराने रस्त्यात दुसरी गाडी आडवी आली, अर्धी रिकामी. आदल्या दिवशीच वरच्या जेवणवाल्याकडून गावातल्या माणसाचा नंबर घ्या, भाडं ठरवून घ्या, आणि माणशी की गाडीचं ते स्पष्ट विचारा.

गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. ड्रोन परवानगीशिवाय काढू नका, आणि कड्यावर मुक्काम चालतो की नाही हे वनखात्याच्या नाक्यावरच विचारून वर जा.