तुम्ही विचारलंत म्हणून: ऑल व्हील ड्राइव्ह आहे, मग विंटर टायर कशाला?

कॅनडात मॉन्ट्रियालला नवीन आलेलं कुणी मराठी भेटलं की चहा संपायच्या आत हे विचारतातच, तुमची हायब्रिड ऑल व्हील ड्राइव्ह ना, चारही चाकांना जोर मिळतो, मग बर्फात काय टेन्शन?

निघताना खरंच नाही. आमची टोयोटाची रॅव्हफोर हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही, त्यात मागच्या चाकांना वेगळी इलेक्ट्रिक मोटर, पुढून मागे शाफ्ट वगैरे काही जात नाही, पुढची चाकं घसरायला लागली की मागची मोटर ढकलते. रात्रभर बर्फ पडून वर रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणाऱ्या प्लाऊवाल्याने ड्राइव्हवेच्या तोंडाशी बांध घातलेला असतो, तोही ती असा ओलांडते की शेजारी फावडं धरून बघत राहतात. इथेच माणूस शेफारतो.

मीही शेफारलो. आमच्या क्वेबेक प्रांतात विंटर टायर १ डिसेंबर ते १५ मार्च सक्तीचे, म्हटलं नोव्हेंबरात कशाला घाई. आणि नोव्हेंबरातच बर्फ पडला. कोत-दे-नेज रस्त्याचा उतार (फ्रेंच नावातच बर्फ आहे, तरी डोक्यात प्रकाश नाही), खाली सिग्नल लाल, ब्रेक दाबला तर पायाखाली एबीएसची (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) खडखड आणि गाडी आपली निवांत चाललीय! पुढच्या बसच्या मागे हातभर अंतरावर थांबली. बायको काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

अहो, ब्रेक तर सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतो, थांबताना ऑल व्हील ड्राइव्हचा संबंधच नाही, रबर रस्ता किती धरतं एवढंच. साधारण ७ डिग्रीच्या खाली ऑल सीझनचं, म्हणजे बारमाही टायरचं, रबर कडक होत जातं, विंटरचं मऊ राहतं. घेताना टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी आहे ना ते बघा, नुसतं एम अँड एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं इथे चालत नाही.

मायलेज पडतं, हो. कागदावर १०० किलोमीटरला ६ लिटर, मला जानेवारीत ८ च्या आसपास. हीटरची ऊब इंजिनातूनच येते म्हणून सिग्नलला उभं असतानाही ते चालू होतं, त्यात गारठलेली बॅटरी चार्ज नीट घेत नाही. गाडी बिघडलेली नसते, उगाच गॅरेजला पळू नका.

पळायचं तर टायर बदलायला, ते पण लवकर, पहिला बर्फ पडला की टायरवाले फोन उचलत नाहीत. आमच्याकडे आता दसऱ्याला गाडीला हार घातला की बायको विचारते, अपॉइंटमेंट घेतलीस?