गोव्यात बसून लोकरीचा स्वेटर, तोही ग्रेडियंटचा

आमच्या डिचोलीत स्वेटर विणणाऱ्या बाईला लोक जरा विचित्रच बघतात, आणि मी तर जून महिन्यात घेऊन बसले होते, बाहेर धो धो पाऊस, करंट गेलेला, हाताला घाम आणि लोकर सुईवर पुढे सरकतच नाही. पण नवरा शिपवर असतो, यावेळी नॉर्वेच्या बाजूला जाणार म्हणाला, म्हटलं चला करूया.

म्हापशाच्या बाजारात मिळाली ती सगळी ॲक्रेलिक, म्हणून लोकर कुरियरने मागवली. एकाच गुंड्यात नेव्ही ब्लू, मग मोरपिशी, मग हिरवा, मग पिवळा असा हळूहळू बदलत जाणारा रंग, यालाच ग्रेडियंट म्हणतात, आणि जमिनीला, म्हणजे मागच्या रंगाला, साधा राखाडी. डिझाइन फेअर आयल पद्धतीचं. फेअर आयल म्हणजे स्कॉटलंडच्या शेटलंडमधलं एक छोटं बेट, तिथल्या विणकामात एका ओळीत दोनच रंग असतात आणि न वापरलेला धागा आतून वाहत जातो. मला वाटलं एकच रंगीत गुंडा आहे, तो आपोआप बदलतोय, आपल्याला काय काम!

नमुना आधी विणून बघितला म्हणून वाचले. साध्या विणीत 10 सेंमीत 22 घरं (म्हणजे टाके) येत होती, तीच सुई घेऊन दोन रंगांत विणलं तर 25, इतकं आवळतं. मग जरा जाड, आठ नंबरची गोल सुई घेतली (म्हणजे 4 मिमी, आपल्या जुन्या नंबरांत आकडा मोठा तितकी सुई बारीक), 24 वर आलं आणि 260 घरं घातली. डिझाइन 10 घरांचं, म्हणजे 26 वेळा, हिशोब बरोबर.

नेव्ही सुंदर आला. मोरपिशी पण. मग हिरवा सुरू झाला आणि डिझाइन गायब! हातात धरून बघितलं तर हिरवा वेगळा, राखाडी वेगळा, पण चार पावलं लांबून सगळं सपाट. मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट केला तेव्हा कळलं, दोन्ही रंग सारखेच गडद होते. हे आधी करायला हवं होतं, पाच मिनिटांचं काम. हिरव्याच्या ओळी उसवल्या. सासूबाई दारातून म्हणाल्या, "कितें गो हें, परत सोडलें?" मी काही बोललेच नाही.

जमीन ऑफ-व्हाइट केली तर पिवळा त्यात बुडणार. शेवटी बॉर्डरपासून सगळं उसवून ऑफ-व्हाइटच घेतली आणि गुंड्यातला पिवळा भाग सरळ कापून टाकला. त्याची लेकीला टोपी केली, गोव्यात ती घालणार कधी देव जाणे.

आणखी एक गंमत. दोन धाग्यांपैकी जो खालून येतो तो जास्त उठून दिसतो. मी रंगीत धागा खालून धरत होते, मध्येच फोन आला, परत बसताना उलटा धरला आणि छातीवर दोन ओळी फिकट पडल्या आहेत, मला रोज दिसतात, बाकी कुणाला नाही. आतले लांब धागे मात्र दर चार-पाच घरांवर अडकवले, नाहीतर घालताना बोट अडकतं.

बाह्यांनी खरी मजा केली. अंगाच्या 260 घरांत एक रंग सहा ओळींत संपतो, बाहीच्या 65 घरांत तोच रंग 24 ओळी चालतो, म्हणजे अंगावर बारीक पट्टे आणि बाहीवर हे रुंद पट्टे, जणू दुसऱ्याच स्वेटरची बाही. मग अंगावर जिथे रंग बदलला तिथे बाहीचा धागा कापून पुढचा जोडत गेले, शेवटी आत टोकंच टोकं, ती लपवायला दोन संध्याकाळी गेल्या.

धुवून, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढून, खाटेवर पसरून पंख्याखाली ठेवला तर तीन दिवस वाळेना, पावसाळी कुबट वास मारायला लागला, परत धुतला. वर गळ्यातून डोकं जाईना (मी लेकीच्या डोक्यावरून बघितलं, तिचंच अडकलं), बंद केलेली घरं सोडवून मोठ्या सुईने सैल बंद केली.

आता चवथीला नवरा येऊन घेऊन जाईल. तोवर डांबर गोळ्या घालून पेटीत आहे, कसर लागली तर मी रडेन.