थर सुटू न देता: कार्बन फायबरच्या प्लेटांवर काम करण्याचा माझा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझे लहानसे वर्कशॉप आहे. वीस वर्षे लोखंडी पत्रा, स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांवरच माझा हात बसलेला होता. गेल्या वर्षी दिंडोरीच्या मावसभावाने द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या ड्रोनच्या सांगाड्यासाठी 3 मिमी जाडीच्या कार्बन फायबरच्या 24 प्लेटा करून मागितल्या. प्रत्येक प्लेटेत 3.2 मिमीची 28 भोके, मधोमध तारांसाठी एक लांबट खाच आणि बाहेरची कड गोलाईची, असे काम होते. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांवरच्या फवारण्या सुरू होतात, त्याआधी ड्रोन जोडून व्हायला हवे होते.

मी ते काम ॲल्युमिनियमसारखेच हाती घेतले. प्लेट वाइसमध्ये धरली, हायस्पीड स्टीलचा बिट लावला आणि पिलर ड्रिलचा दांडा नेहमीच्या जोराने खाली ओढला. वरून भोक नितळ दिसले, पण प्लेट उलटी केल्यावर भोकाभोवती कांद्याच्या सालीसारखा एक पापुद्रा उचललेला होता आणि त्यातून काळी कुसळे बाहेर आली होती. नखाने हलकेच दाबले तर तो पापुद्रा आतबाहेर हलत होता, म्हणजे इजा केवळ कडेपुरती नव्हती, आतपर्यंत गेली होती. अशा दोन प्लेटा वाया गेल्यावर मी मशीन बंद केले.

कार्बन फायबर हा एकसंध धातू नव्हे, हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण हाताला ठाऊक नव्हते. माझी 3 मिमीची प्लेट म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तंतूंच्या कापडाचे 12 ते 15 थर इपॉक्सी रेझिनने एकमेकांना चिकटवलेले. तंतू त्याच्या लांबीच्या दिशेने कमालीचा बळकट असतो. मात्र दोन थरांच्या मध्ये केवळ रेझिन असते आणि तेथे ताकद कमी असते. बिट तळाशी पोहोचतो तेव्हा त्याच्याखाली एकदोनच थर उरलेले असतात, आणि टोकाचा दाब ते थर कापण्याऐवजी खाली ढकलतो. वर शिरताना याच्या उलट होते: बिटाची वळी वरचा थर ओढून उचलते. शिरतानाच्या इजेपेक्षा बाहेर पडतानाची इजा बहुधा मोठी असते, आणि ती नजरेआड होते म्हणून अधिक घातक. ड्रोनच्या मोटारींचे कंपन रोज सोसणाऱ्या प्लेटेत असा सुटलेला थर पुढे आणखी सुटत जातो.

शेजारच्या गाळ्यात फर्निचरचे काम करणारे एक वयस्कर सुतारकाका आहेत. त्यांनी ती बिघडलेली प्लेट बोटांनी चाचपली आणि म्हणाले, “शेठ, खालून आधार कुठे दिलात? सनमायकाला भोक पाडताना आम्ही खाली फळी दाबून धरल्याशिवाय बिट लावत नाही.” माझी खरी चूक तीच होती. मी प्लेट घट्ट धरली होती, पण तिच्या खाली भोकाच्या जागी पोकळी होती.

त्यानंतर प्रत्येक प्लेट मी सपाट एमडीएफच्या (लाकडी तंतू दाबून केलेल्या फळीच्या) तुकड्यावर ठेवली, वर 3 मिमीचा प्लायवूड ठेवला आणि तिन्ही मिळून क्लॅम्पने अशी आवळली की मध्ये कागदही सरकू नये. खालचा एमडीएफ दर वेळी थोडा सरकवून कोरी जागा समोर आणणे आवश्यक आहे, कारण जुन्या भोकावर पुन्हा भोक आले तर आधार उरतच नाही. मास्किंग टेप मीही दोन्ही बाजूंना लावून पाहिली. ती कुसळे थोडी आवरते, पण फळीची जागा ती घेऊ शकत नाही.

दुसरा बदल बिटाचा. कार्बनचे तंतू धार इतक्या लवकर खातात की हायस्पीड स्टीलच्या बिटाची धार वीसपंचवीस भोकांतच गेली. भिंगातून पाहिले तर तिचा कोपरा गोल होऊन चकाकत होता. बोथट बिट कापत नाही, घासतो. घासण्याने उष्णता वाढते, आणि खोलीच्या तापमानाला घट्ट होणारी कित्येक रेझिने शंभर अंशांच्याही खाली मऊ पडू लागतात. म्हणून मी अखंड कार्बाइडचे बिट घेतले. ते ठिसूळ असल्याने हातातल्या ड्रिलला लावू नयेत. जरा तिरके झाले की मोडतात. सगळी भोके मी संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या छोट्या सीएनसी राउटरवर मिनिटाला 10,000 फेऱ्यांनी पाडली. 3.2 मिमीच्या बिटाला त्यातून मिनिटाला सुमारे 100 मीटरचा कर्तनवेग मिळतो. एका फेरीला बिट 0.03 मिमी खाली जाईल असा फीड ठेवला, म्हणजे मिनिटाला 300 मिमी, आणि तळाचा शेवटचा अर्धा मिलिमीटर त्याच्याही निम्म्या फीडने काढला. थर ढकलणारा दाब फीडवर फार अवलंबून असतो. त्यामुळे फेऱ्या जास्त आणि फीड कमी, हे गणित येथे उपयोगी पडते.

बाहेरची कड कापण्यासाठी आधी जिगसॉ वापरून पाहिला, पण त्याचे दात वर येताना वरचा थर उचकटत होते. शेवटी रोटरी टूलला हिऱ्याच्या कणांची चकती लावून, पाण्याची बारीक धार सोडत, रेषेबाहेर अर्धा मिलिमीटर ठेवून कापले. उरलेला भाग 240 आणि मग 400 नंबरच्या पाणीकागदाने घासून काढला. कागद नेहमी पृष्ठभागाकडून जाडीच्या मध्याकडे ओढावा. बाहेरच्या दिशेने ओढला तर कडेचा तंतू उचलला जातो. खाचेची दोन्ही टोके मी आधी भोके पाडून गोल केली, कारण टोकदार कोपऱ्यातून चीर सुरू होते.

धुळीविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण तिच्याबाबत मी निष्काळजी होतो. पहिल्या दिवशी मी ती काळी भुकटी हवेच्या गनने उडवली. कार्बन विजेचा वाहक आहे. ती भुकटी राउटरच्या कंट्रोल बॉक्समध्ये शिरली आणि चौथ्या दिवशी ड्रायव्हर कार्ड शॉर्ट झाले. हातांना दोन दिवस खाज सुटली ती वेगळीच. आता अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमचे तोंड बिटापाशी बांधलेले असते, मी आणि माझा कामगार एन 95 मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालतो, आणि कंट्रोल बॉक्सचे दार बंद राहील याची काळजी घेतो. हातमोजे केवळ पाणीकागदाने घासताना घालावेत. फिरत्या बिटाजवळ मोजा अडकला तर बोटे ओढली जातात.

मावसभावाने ॲल्युमिनियमच्या रिव्हेटी आणून ठेवल्या होत्या. मी त्याला म्हटले, “अरे, बोर्डोची फवारणी याच ड्रोनने करणार ना? मग या रिव्हेटी टिकायच्या नाहीत.” कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल आली की ॲल्युमिनियम गंजत जाते, बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातल्या मोरचुदाने तर ते काम आणखी वेगाने होते. आम्ही स्टेनलेसचे बोल्ट आणि रुंद वॉशर घेतले, प्रत्येक भोकाच्या आतल्या कडेला आणि बाहेरच्या कापावर पातळ इपॉक्सीचा हात दिला आणि एक रात्र वाळू दिले.

देण्याआधी प्रत्येक भोकाभोवती रुपयाच्या नाण्याने ठोकून पाहिले. थर घट्ट असला की टणक, स्वच्छ आवाज येतो. सुटला असला की थपथप, दबका. 24 पैकी तीन प्लेटांत एकेका भोकापाशी आवाज दबका निघाला, जरी डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. त्या तीन मी बाजूला ठेवल्या, आणखी कार्बन फायबर मागवून पुन्हा केल्या, आणि छाटणीच्या आठ दिवस आधी दिंडोरीला पोहोचवल्या.