सेंट जोसेफमध्ये आठवलेली पांढरकवड्याची बातमी

कॅन्सस सिटीहून उत्तरेला तासाभरावर सेंट जोसेफ हे गाव आहे. अमेरिकी टीव्हीवर बातम्या देणारे वॉल्टर क्रॉन्काइट 1916 मध्ये इथे जन्मले. इथल्या विद्यापीठात त्यांचं स्मारक आहे, ते परवा बघून आलो.

आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. लहानपणी दूरदर्शनवर प्रदीप भिडे बातम्या सांगायला लागले, की आमच्या गावात टीव्ही असलेल्या घरच्या ओसरीवर सगळे चिडीचूप व्हायचे. इथे तसा मान क्रॉन्काइटांना होता. कॉलेज अर्धवट सोडलेला, वृत्तसंस्थेत तयार झालेला, दुसरं महायुद्ध जवळून पाहिलेला हा बातमीदार 1962 ते 1981 सीबीएस या वाहिनीच्या संध्याकाळच्या बातम्या देत होता.

22 नोव्हेंबर 1963 चं चित्रण मी कितीदा तरी पाहिलंय. डॅलसमध्ये केनेडींना गोळ्या लागलेल्या. ते गेले, असं सीबीएसच्याच बातमीदाराकडून आलं होतं. तरी क्रॉन्काइट अधिकृत दुजोरा नाही, हे सांगायला विसरत नाहीत. मग अधिकृत वाटणारी बातमी येते. ते ती वाचतात, चष्मा काढतात, घड्याळाकडे पाहतात आणि 38 मिनिटांपूर्वी अध्यक्ष गेले असं सांगतात. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढतो, आवंढा गिळला जातो.

तो आवंढा पाहिला की मला 2008 चा पावसाळा आठवतो.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्यात एका न्यूज चॅनेलचा स्ट्रिंगर, म्हणजे बिनपगारी बातमीदार होतो. बातमीमागे पैसे, तेही चार-चार महिने अडकलेले. कॅमेरा स्वतःचा, पेट्रोल स्वतःचं. त्या वर्षी केंद्राची कर्जमाफी आली होती, पण पूर्ण माफी दोन हेक्टर, म्हणजे पाच एकरांपर्यंतच्यांना. आमच्याकडच्या कोरडवाहू वावराचं माप त्यात कुठून बसणार? सात एकरवाल्या एका कास्तकारानं फवारणीचं औषध घेतलं. मी दवाखान्यात पोचलो तर व्हरांड्यात कुणीतरी म्हणालं, "गेला वाटते." तेवढ्यात चॅनेलच्या डेस्कचा फोन आला, "कन्फर्म आहे ना? दुसरे चालवतील." मी म्हणालो, "हो, गेला."

पाच मिनिटांत टीव्हीवर खाली तो गेल्याची पट्टी सुरू झाली. बाइटसाठी गावात गेलो तेव्हा त्याची माय टीव्हीसमोर बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. शेजारच्या पोरानं वाचून दाखवलं होतं. हातातला चॅनेलचा माइक पाहून तिनं मलाच विचारलं, "टीव्हीवर त गेला म्हनते. तू आताच दवाखान्यातून आला ना बाबू? पाह्यला का त्याले?"

मी पाहिलं नव्हतं. तो जिवंत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. मधली ती अख्खी रात्र त्या घरानं माझ्या एका शब्दावर काढली. डेस्कनं पट्टी काढली, पण ना कुणी खुलासा दिला, ना मी मागितला. माझी त्या माणसाशी आणि त्याच्या मायशी बेइमानी झाली, हे मी आज इतक्या वर्षांनी लिहितोय.

गावातला एक पोरगा आता मोबाइलवर बातम्या करतो. काल रात्री, म्हणजे तिकडच्या सकाळी, त्याचा फोन आला. वीज पडून दोन बाया गेल्या, टाकू का, म्हणाला. मी विचारलं, "डॉक्टरांनी तुला स्वतः सांगितलं?"

तिकडे पाऊस वाजत होता. "थांबा भाऊ, आत जाऊन इचारतो," म्हणाला आणि फोन चालूच ठेवून चालायला लागला.