यवतेश्वरच्या चढाला गाडी मिसिंग मारते? आधी प्लगचा गॅप मोजा

साताऱ्यात पोवई नाक्यावर गाडी शांत चालते आणि यवतेश्वरचा घाट लागला, ॲक्सिलरेटर दाबला की हिसके देते. अशा वेळी लोक आधी कार्ब्युरेटर खोलतात. पण थ्रॉटल पूर्ण उघडलं की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप म्हणजे स्पार्क प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधलं, ठिणगी पडते ते अंतर. तो मोठा असेल तर हे व्होल्टेज देणारी कॉइल, जुनी असली की, नेमकी तिथंच कमी पडते. गॅप फार लहान असेल तर उलटं होतं. चढाला गाडी ओढते, आयडलिंगला मात्र थरथरते.

‘नवा प्लग गॅप करूनच येतो’ यावर विसंबू नका. गॅप ठरतो तो इग्निशनवरून. पॉइंटवाल्या (यांत्रिक स्विचच्या इग्निशनच्या) जुन्या गाड्यांना साधारण ०.६ ते ०.७ मिमी पुरतो. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबराला शेवटी -११ असेल तर तो प्लग १.१ मिमीचा, म्हणजे ताकदवान इलेक्ट्रॉनिक इग्निशनसाठी. शेवटचा शब्द गाडीच्या मॅन्युअलचा.

नंबर वाचता आला पाहिजे. बीपी६ईएसमधला ‘ई’ म्हणजे १९ मिमी लांबीचे आटे. त्याऐवजी ‘एच’, म्हणजे १२.७ मिमीचा बसवला तर ठिणगी आत खोल राहते आणि हेडचे उरलेले आटे काजळीने भरतात. उलट, छोट्या आट्यांच्या हेडात लांब प्लग घातला तर पिस्टनवर आपटू शकतो. आकडा उष्णतेचा. गरम प्लगचं टोक जास्त तापतं, थंडचं कमी. एनजीकेत ५ गरम, ६ त्याहून थंड. बॉशमध्ये नेमकं उलटं, आकडा मोठा तितका प्लग गरम. दुकानात ‘सहा नंबर द्या’ म्हणून भागत नाही ते यामुळेच.

प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की काजळी आपोआप जळते. राजवाडा ते बाजार एवढ्याच फेऱ्या असतील तर टोक तेवढं तापतच नाही. म्हणून काळा प्लग दिसला की लगेच गरम नंबर घेऊ नका. चोक अडकलाय का, एअर फिल्टर तुंबलाय का ते बघा, आणि गाडी लिंबखिंडीपर्यंत हायवेला फिरवून आणून प्लग पुन्हा काढून बघा. काळा पण ओला, तेलकट असेल तर रोग रिंगांचा किंवा व्हॉल्व्ह सीलचा, तिथं प्लग बदलून उपयोग नाही. पांढराफटक, फोड आलेला असेल तर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) किंवा ठिणगीचं टायमिंग पुढे गेलेलं. फिकट तपकिरी असेल तर हात लावू नका.

इंजिन गार झाल्यावरच प्लग काढा, ॲल्युमिनियम हेडचे आटे गरमात सोलले जातात. आधी प्लगभोवतीच्या खड्ड्यातली धूळ फुंकून काढा. जुन्या प्लगची इलेक्ट्रोड झिजून खोलगट होते, चपटी पट्टी त्यावरून जाते आणि गॅप खरा असतो त्यापेक्षा कमी दाखवते, म्हणून तारेचा गेज घ्या. वाकवायची ती फक्त बाजूची इलेक्ट्रोड. मधलीवर टेकू देऊन पेचलं तर पोर्सेलीन तडकतं. इरिडियमला तर गॅपसाठी हातच लावू नये.

बसवताना पाना न लावता बोटांनी शेवटपर्यंत फिरवा, अडला तर आटे तिरके लागलेत. मग नवा वॉशर असेल तर पान्याने अर्धा फेरा, वापरलेला असेल तर बाराव्या भागाइतकाच.