तुम्ही विचारलंत म्हणून: किकवर चालणारा क्लिपर लीडवर का टोचतो?

‘ॲनालॉग डिस्टॉर्शन गोड लागतं आणि डिजिटल क्लिपिंग टोचतं, असं का? दोन्हीकडे लाट कापलीच जाते ना?’ बरोबर, कापलीच जाते; क्लिपरचं कामच ते, ठरलेल्या पातळीच्या वरचा लाटेचा भाग कापणं. ‘ॲनालॉगची ऊब’ हे उत्तर पूर्वी मीही देत असे, पण ते अपुरं आहे. ऑप-ॲम्पचं (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपचं) आउटपुट सप्लाय व्होल्टेजपाशी अडलं की तिथेही लाटेचा माथा सपाटच होतो.

खरा फरक त्यानंतर पडतो. 44.1 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या प्रोजेक्टमध्ये 5 किलोहर्ट्झची साइन (एकाच फ्रिक्वेन्सीची शुद्ध लाट) घ्या आणि वरखाली सारखीच हार्ड क्लिप करा, म्हणजे माथा सरळ सपाट कापा. विषम हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या 3, 5, 7, 9 पट सूर) तयार होतात: 15, 25, 35, 45 किलोहर्ट्झ. सर्किटमध्ये 25 पासूनचे ऐकूच येत नाहीत. डिजिटलमध्ये मात्र सॅम्पल रेटच्या निम्म्या, म्हणजे 22.05 च्या वर जागाच नसते, त्यामुळे ते दुमडून खाली येतात. 25 चा होतो 19.1, 35 चा 9.1 आणि 45 चा थेट 900 हर्ट्झ, म्हणजे मूळ सुराच्याही खाली, त्याच्याशी काही नातं नसलेला! आता पिच हळूहळू वर न्या: 19.1 आणि 9.1 चे सूर उलट खाली घसरतात. टोचतं ते हे. प्रत्येक नोटला त्यांची जागा बदलते, म्हणून नंतर ईक्यू लावून (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी करून) ते निघत नाहीत.

किकला (बेस ड्रमच्या ठोक्याला) हा त्रास फारसा नाही. 50 हर्ट्झच्या बॉडीचा (ठोक्याच्या मुख्य खालच्या सुराचा) 441 वा हार्मोनिक 22.05 वर पोचतो. पूर्ण चौकोनी लाटेतही तो मूळ सुराच्या 50 डेसिबलहून जास्त खाली असतो. म्हणून किक 2-3 डेसिबल खुशाल कापा. लीडवर (मुख्य धून वाजवणाऱ्या सुरावर) आणि हॅटवर (ड्रमसेटमधल्या झांजेवर) 4 पट ओव्हरसॅम्पलिंग लावा, म्हणजे क्लिप करताना सॅम्पल रेट तेवढा पट वाढवा: त्याच साइनचा ऐकू येणाऱ्या पट्ट्यात दुमडणारा पहिला हार्मोनिक मग 33 वा असतो. फक्त एक सांभाळा, परत खाली आणणाऱ्या फिल्टरमुळे पीक सीलिंगच्या (क्लिपरच्या ठरलेल्या पातळीच्या) वर उसळतात. शेवटी लिमिटर (पीक मर्यादेत ठेवणारा प्रोसेसर) हवाच.

मग ॲनालॉगचं वेगळेपण खोटं का? नाही, तसंही मी म्हणणार नाही. ॲनालॉग उपकरणातला ट्रान्सफॉर्मर खालच्या फ्रिक्वेन्सीला आधी सॅच्युरेट होतो (त्याची क्षमता संपून लाट बिघडते), साध्या क्लिपरला फ्रिक्वेन्सी कळतच नाही. क्लिपरआधी लो शेल्फ (खालच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी एकत्र कमी-जास्त करणारा ईक्यू) 6 डेसिबल वर आणि नंतर तेवढाच खाली केला, की बरंच जवळ जाता येतं. तरी ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला आधीच्या सिग्नलची आठवण राहते, ती या जोडणीत येत नाही. ती कानाला किती कळते, हे तुम्हीच तपासा, पण दोन्हींची लाउडनेस आधी सारखी करून.