धोट्यात भरलेला दणका

नववीचं विज्ञानाचं पुस्तक उघडलं की पहिलाच धडा 'गतीचे नियम'. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत बावीस वर्षं मी हा धडा शिकवत आले. जून संपता संपता पहिला नियम व्हायचा, जुलैत दुसरा आणि तिसरा. मुलं व्याख्या पाठ करायची, उदाहरणं सोडवायची, परीक्षेत लिहायची. धडा मुलांना समजतो, याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नव्हती.

त्या वर्षी नियम सांगण्याआधी मी एक साधा प्रश्न दिला. दगड वर फेकला. हातातून सुटून तो अजून वर चालला आहे. त्या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत, बाण काढून दाखवा. वर्गात ४८ मुलं. वह्या गोळा करून घरी पाहत बसले तर ४१ वह्यांत दगडावर वरच्या दिशेने एक मोठा बाण होता आणि शेजारी लिहिलेलं, 'हाताचं बल'. पहिल्या पाचात येणाऱ्या मुलांच्या वह्यांतही तेच. दगड हातातून सुटलाय, हात खाली राहिलाय, तरी हाताचं बल दगडाबरोबर वर चाललेलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी समजावून सांगितलं. हाताचा स्पर्श सुटला की हाताचं बल संपलं. दगडावर आता पृथ्वीचं गुरुत्वीय बल, आणि हवेचा किंचित विरोध. वर जायला बल लागत नाही, वेग बदलायला लागतं. मुलांनी माना डोलावल्या. तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून एक मुलगी उठली. वर्गात फारशी न बोलणारी. तिचे वडील यंत्रमागावर काम करायचे, एवढं मला माहीत होतं.

"बाई, मग धोट्याला मधी कोण ढकलतंय?"

आमच्या भागात धोटा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. चादरीच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर-खाली होऊन मध्ये बोगद्यासारखी जागा तयार होते. त्या जागेतून बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, कांडी पोटात घेतलेला लाकडी धोटा मागाच्या एका टोकाच्या बॉक्समधून दुसऱ्या टोकाच्या बॉक्समध्ये धावतो. बॉक्समध्ये त्याच्या पाठीवर पिकरचा, म्हणजे मागाच्या ठोकणाऱ्या तुकड्याचा, तडाखा बसतो, पुढचा सगळा प्रवास तो एकटाच करतो. मी म्हटलं, कुणीच ढकलत नाही.

"कसं नाही? दणका भरून राहतोय की त्यात. नायतर पप्पांच्या कपाळाला लागलं कशानं?"

वर्ग एकदम गप्प झाला. तीन वर्षांपूर्वी, वेगळ्या एका कारखान्यात, तिच्या वडिलांच्या मागावरून धोटा उडाला होता. धोटा बाहेर पडू नये म्हणून फणीच्या, म्हणजे आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या कंगव्याच्या, वर एक सळई असते. ती काढून ठेवलेली होती. धोट्याचं लोखंडी टोक उजव्या भुवईच्या वर बसलं. सात टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. कारखान्याने दवाखान्याचे पैसे दिले आणि विषय संपवला. सळई का काढली होती, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही कुणाला विचारलं नाही.

आता त्यांची मुलगी मला विचारत होती की हवेत एकट्या उडणाऱ्या धोट्यात बल नव्हतं, तर माझ्या बापाचं कपाळ फुटलं कसं. तास संपल्याची घंटा झाली. मी तिला म्हटलं, याचं उत्तर आपण मागाजवळ जाऊन शोधू. फळ्यावर मला ते देता आलंही असतं. पण तिच्या प्रश्नाला फळा पुरा पडणार नाही, असं मला आतून वाटत होतं.

त्या रात्री मी जुनं वाचलेलं पुन्हा काढून पाहिलं. फेकलेली वस्तू पुढे का जाते, याचं उत्तर माणसांनी दोन हजार वर्षं शोधलं. अॅरिस्टॉटलच्या मते वस्तूमागची हवा तिला ढकलत राहते. चौदाव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात ज्याँ बुरिदाँने ते खोडून काढलं. त्याचं म्हणणं असं की फेकणारा वस्तूत काहीतरी घालतो, ते तिला पुढे नेतं आणि अडथळ्यांमुळे ते झिजतं. त्याला तो इम्पेटस म्हणायचा. वस्तू जितकी जड आणि जितकी वेगवान, तितका इम्पेटस जास्त. पुढे गॅलिलिओ आला आणि १६८७ साली न्यूटनचा ग्रंथ. चौदा वर्षांची ही मुलगी, शाळा सुटल्यावर आईबरोबर विड्या वळणारी, एकटीच्या विचाराने बुरिदाँपाशी येऊन पोचली होती. तिला 'चूक' म्हणून खाली बसवलं असतं तर मी मोठा अन्याय केला असता.

तिचे वडील आता दुसऱ्या कारखान्यात होते. तिथल्या मालकांनी शनिवारी दुपारी सहा मुलांना आणायची परवानगी दिली. आत शिरलो तसे खडखडाटाने कान बंद झाले. तिथे कुणी बोलत नाही, सगळे हातांनी आणि ओठांनी समजून घेतात. मी वडिलांना 'अण्णा' म्हणून हाक मारली, त्यांना ती ऐकू गेली नाही. मुलीने त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी आधी मुलांना हाताला धरून बाजूला घेतलं आणि बोटाने जमिनीवर एक रेघ दाखवली. धोट्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

मग त्यांनी एक माग बंद केला. धोटा काढून मुलीच्या हातात दिला. पॉलिश झाल्यासारखं गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना लोखंड, पोटात लाल सुताची कांडी. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर मुलांनी तो तोलून आणला: ४१० ग्रॅम. एका बॉक्सच्या तोंडापासून दुसऱ्याच्या तोंडापर्यंत टेप धरला: ५ फूट ३ इंच, म्हणजे १.६ मीटर.

मी अण्णांना विचारलं, हा हाताने ढकलला तर? त्यांनी बंद मागावर धोटा ठेवून हाताने सरकवला. तो ताण्यावरून घसरत गेला आणि मध्याच्या थोडा पुढे थांबला. अण्णा म्हणाले, "चालू मागावर हे असं झालं ना बाई, तर संपलं. फणी येऊन आदळते, शेकडो तार तुटतात. जोडायला दिवस जातो."

"दणका कमी पडला," मुलगी म्हणाली. म्हणजे तिच्या हिशेबाने, भरलेलं बल मध्येच संपलं.

एका मुलाकडे भावाचा मोबाइल होता. त्यात स्लो मोशनची सोय होती, सेकंदाला २४० फ्रेम. धोट्यावर लाल टेपचा तुकडा चिकटवला. पहिला व्हिडिओ ट्यूबलाइटमुळे नुसता लुकलुकत होता, म्हणून दाराजवळच्या मागावर उन्हात पुन्हा घेतला. मिनिटाला किती दणके, ते दोन मुलींनी बोटांवर मोजलं: १२०. मग कारखान्याच्या ओट्यावर बसून एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजणी सुरू झाली. पिकर धोट्याच्या पाठीला चिकटून असतो तो जेमतेम १० फ्रेम. तेवढ्यात साधारण आठ इंच पुढे येतो आणि थांबतो. धोटा त्याला सोडून निघतो. पलीकडच्या बॉक्सच्या तोंडाशी पोचायला त्याला ४० फ्रेम लागतात. म्हणजे सेकंदाचा सहावा भाग.

"आता अर्धं-अर्धं करा," मी म्हटलं. पहिला अर्धा रस्ता १९ फ्रेम, दुसरा अर्धा २१.

मुलीने तीनदा मोजलं. दरवेळी तेच. मी तिला एवढंच विचारलं, भरलेलं बल जर त्याला सारखं पुढे ढकलत असतं, तर धोटा कसा गेला असता? ती बराच वेळ मोबाइलकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "वाढत गेला असता की वेग. पिकर ढकलत होता तेव्हा वाढला तसा." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "हा तर कमीच व्हायलाय. ताणा घासतोय त्याला."

पुढे कुणी ढकलत नाही, मागे थोडं घर्षण ओढतंय, आणि म्हणून १९ चे २१. बावीस वर्षं फळ्यावर मी 'असंतुलित बल' हा शब्द लिहीत आले. त्या दोन फ्रेममध्ये मी तो पहिल्यांदा असा डोळ्यांनी पाहिला.

अण्णांचं लक्ष मात्र व्हिडिओच्या शेवटाकडे होतं. त्यांनी मोबाइल हातात घेऊन तेवढाच भाग दोनदा लावायला सांगितला. धोटा बॉक्समध्ये शिरतो, आतली दाबपट्टी त्याला कडेने धरते, तो थांबतो आणि अर्धा इंच मागे येतो. "हा परत येतोय," ते म्हणाले. "म्हणूनच या मागाचं सूत सैल पडतंय. डोळ्याला दिसत नाही हे." त्यांनी जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, हाक मारली, पट्टीचा दाब थोडा वाढवला. पुन्हा व्हिडिओ घेतला. धोटा आला आणि जागच्या जागी बसला. दाब फार झाला तर धोटा पूर्ण आत शिरतच नाही, कमी झाला तर मागे उसळतो, हे त्यांनी मुलांना हातांनी करून दाखवलं. ज्या माणसाला कधी कुणी भौतिकशास्त्र शिकवलं नाही, तो थांबवण्याच्या बलाचा हिशेब मनगटात घेऊन काम करत होता.

सोमवारी तास लागला तेव्हा त्या मुलीला मी फळ्याजवळ बोलावलं. १.६ मीटर, सेकंदाचा सहावा भाग. वेग ९.६ मीटर प्रतिसेकंद. सोयीसाठी १० धरला, वस्तुमान ०.४ किलोग्रॅम. वस्तुमान गुणिले वेग, ४. मी तिला सांगितलं, तुला धोट्यात जे भरलेलं वाटत होतं ते आहे. तू ते बरोबर ओळखलंस. फक्त त्याचं नाव बल नाही. त्याला संवेग म्हणतात, आणि तो धोट्याबरोबर जातो. बल नेहमी दुसरं कुणीतरी धोट्यावर लावतं, आणि ते संतुलित नसेल तर धोट्याचा वेग बदलतो. आधी पिकर, मग ताण्याचं घर्षण, शेवटी दाबपट्टी.

"आणि कपाळ," ती म्हणाली.

मी खडू तिच्याकडे दिला. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, हे त्वरणाचं सूत्र तिला येत होतं. बॉक्समध्ये धोटा साधारण २० सेंटिमीटर सरकून थांबतो. १०० भागिले ०.४, म्हणजे २५०. गुणिले ०.४ किलोग्रॅम. सरासरी १०० न्यूटन. दहा किलोची पिशवी उचलायला लागतं तेवढं. मग तिने खाली दुसरी ओळ लिहिली. कपाळावर तो एकाच सेंटिमीटरमध्ये थांबला असं धरलं तर. १०० भागिले ०.०२, म्हणजे ५०००. गुणिले ०.४.

२००० न्यूटन.

तोच धोटा, तोच वेग, तोच संवेग. थांबायला जागा विसावा हिस्सा मिळाली, तर बल वीस पट. तिने आकडा लिहिला आणि खडू हातात धरून उभी राहिली. मागून एका मुलाने विचारलं, किती किलो होतात? मी म्हटलं, क्षणभर दोनशे किलोचं वजन. वर्गातून कुणाचाच आवाज आला नाही. मग पहिल्या बाकावरचा मुलगा हळूच म्हणाला, "म्हणजे कपाळानं पण धोट्याला तेवढंच ढकललं. म्हणून तो थांबला." तिसरा नियम मी त्यांना अजून शिकवला नव्हता.

मुलीने वळून मला विचारलं, "मधी सळई असती तर बाई?"

तर धोटा सळईला अडला असता, बल सळईवर आलं असतं. मी एवढंच उत्तर दिलं. माझ्या डोळ्यांसमोर तो अपघाताचा जुना कारखाना होता आणि एक काढून ठेवलेली सळई, जी परत बसवायला एक पाना आणि दहा मिनिटं पुरली असती.

पंधरा दिवसांनी अण्णा पालकसभेला आले. सभेनंतर सगळे गेल्यावर थांबले. मुलीने घरी वही दाखवली होती, पण बाईंकडून ऐकायचं होतं म्हणाले. मी त्यांना वहीतलं चित्र दाखवलं. ताण्याच्या मधोमध धोटा. खाली गुरुत्वीय बलाचा बाण, वर ताण्याच्या आधाराचा तेवढाच बाण, आणि मागच्या दिशेने एक छोटासा, 'घर्षण'. पुढच्या दिशेने बाण नव्हता. धोट्याच्या पोटात, कांडी असते तिथे, तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'संवेग'.

अण्णांनी खालच्या दोन ओळी बोटाने वाचल्या. १००. मग २०००. बोट दुसऱ्या ओळीवर थांबलं.

"आणि आमच्या मागांवर आता सगळीकडं सळई हाय, बाई," ते म्हणाले. "व्हिडिओ काढायच्या आधी पोरीनं एकेक मोजून बघितल्या होत्या."